शब्दाचं बारसं

“मोठ्यानं म्हण,” टेंबे सर म्हणाले. “बाळाचं नाव सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे.”

मी पाळण्यापाशी उभा होतो. पाळणा म्हणजे कागद ठेवायचा तारेचा ट्रे, छताच्या हुकाला सुतळीनं टांगलेला. कडेला झेंडूची वाळकी माळ, आत माझ्या कथेच्या हस्तलिखितातून कात्रीनं कापून काढलेली चिठ्ठी. माझ्या हातात पाळण्याची दोरी.

“फॉक्स पास,” मी म्हणालो.

साप्ताहिक ‘आरसपानी’चं अख्खं संपादकीय खातं पोट धरून हसलं.

“फॉक्स म्हणजे काय गं, रेखा?” सरांनी विचारलं.

“कोल्हा, सर!”

“कोल्हा पास झाला. आणि आमचे लेखक बिरू वाघमोडे?”

“नापास!” सगळे एका सुरात ओरडले.

मूळ शब्द फ्रेंच, faux pas. उच्चार ‘फो पा’, अर्थ चारचौघांत झालेली घोडचूक. मी तो एका इंग्रजी पुस्तकात वाचला होता. फक्त वाचला होता. तो कानावर पडायला तो बोलणारं माणूस आयुष्यात यावं लागतं, आणि नववीतून शाळा सोडल्यापासून माझं आयुष्य कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर गेलं होतं. तिथं फ्रेंच बोलणारं कुणी नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी लायब्ररीची पुस्तकं वाचायचो, अंदाजानं अर्थ लावायचो आणि अंदाजानंच उच्चार. पुढं माझ्या दोन कथा छापून आल्या, संपादक हर्डीकरांनी मला सांगलीला नोकरीवर बोलावलं, आणि महिन्याभरातच माझं हे असं बारसं झालं.

बारशाची कल्पना टेंबे सरांची. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. ‘तिरपी मात्रा’ हे त्यांचं विनोदी सदर आमच्या साप्ताहिकाचा प्राण होतं. लोक अंक मागच्या पानापासून उघडायचे ते त्याच्यासाठी. आता लेखक म्हटला की त्याला परक्या भाषेतला एखादा तुकडा लेखात खोचायचा सोस असतोच. मराठीत सरळ सांगता येतं, पण सरळ सांगितलं तर मोठेपणा कुठून येणार? मग ते तुकडे चुकतात. एका कवीनं ‘आवाँ गार्द’, म्हणजे काळाच्या पुढचं, याच्या जागी ‘आवंत गार्ड’ लिहिलं, तर सरांनी त्याला पाळण्यापाशी उभं करून गार्डासारखी शिट्टी वाजवायला लावली होती. चुकीचा शब्द म्हणजे नवीन जन्माला आलेलं बाळ. शनिवारी अंक छापायला जायच्या आधी त्याचं बारसं. ज्याची चूक ती आई. आईनं घुगऱ्या आणायच्या, पाळणा हलवायचा, बाळाचं नाव घ्यायचं. रेखा चौगुलेचा गळा चांगला, ती पाळणा म्हणायची.

मी घुगऱ्या आणल्या. पाळणा हलवला. सर येता-जाता मला “काय कोल्होबा?” म्हणायला लागले, आणि त्यांचं बघून प्रेसमधली माणसंही. मी दात आवळून काम करत राहिलो. पण त्या दिवसापासून एक केलं. कुठल्याही बारशाला हसलो नाही. दुसऱ्याच्याही नाही.

वर्ष सरलं असेल. एका शनिवारी चिठ्ठी पाळण्यात पडली ती खुद्द सरांची. ‘कार्त ब्लांश’, म्हणजे पूर्ण मोकळीक, असं लिहायचं तिथं त्यांनी लिहिलं होतं ‘कार्ट ब्लाऊज’. वाक्य असं होतं : ‘मुख्यमंत्र्यांनी या अधिकाऱ्याला कार्ट ब्लाऊज दिला आहे.’

हर्डीकर टेबलावर डोकं टेकून हसले. “सर, हे जसंच्या तसं छापतो! चुकांवर हसणाऱ्यानं स्वतःच चूक करून दाखवायची! काय डोकं आहे!”

अंक निघाला. गावभर हशा. पुढच्या आठवड्यात ‘पर से’, म्हणजे मुळात, याच्या जागी ‘परसाकडे’ आलं. ‘सत्ता ही परसाकडे वाईट नसते.’ त्यावर तर पत्रांचा ढीग पडला. टपऱ्यांवर लोक ते वाक्य एकमेकांना म्हणून दाखवायला लागले.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मलाही बरं वाटलं. आता कळू दे म्हाताऱ्याला दोरी हातात धरली की कसं वाटतं ते. पण त्या दुसऱ्या बारशाला सर पाळणा हलवत होते तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते चिठ्ठी वाचत होते. पुन्हा वाचत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, “चुकलंय काय यात?”

परत हशा. रेखाच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.

सगळे घुगऱ्या खात होते तेव्हा मी ती चिठ्ठी पाळण्यातून काढून उजेडात धरली. शब्द लिहून खोडला होता, परत लिहून खोडला होता, कागद फाटेपर्यंत. गंमत करणारा माणूस असा खोडत नाही. खोडणारा शोधत असतो.

मी हर्डीकरांच्या खोलीत गेलो. “साहेब, सर आजारी आहेत.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो. ते मुद्दाम करत नाहीत हे.”

हर्डीकरांनी चष्मा काढला. “बिरू, त्या कोल्ह्याचा राग अजून पोटात आहे होय तुझ्या?”

“राग आहे. आणि सर आजारी पण आहेत. दोन्ही खरं आहे.”

“अरे, विनोदाची ही जात तुला नाही कळायची. तुझा दोष नाही, त्याला घरात भाषेचं वळण लागतं.”

“माझ्या घरात मेंढरं होती,” मी म्हणालो. “मेंढरू आजारी पडलं तर आमच्यात हसत नव्हते.”

“जा, कामाला लाग,” हर्डीकर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी सर स्वतःच माझ्या टेबलापाशी आले. बाकीचे जेवायला गेले होते. खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ माझ्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

“तू हसत नाहीस,” ते म्हणाले.

“तुमच्यावर?”

“कुणावरच. मी बघतोय वर्षभर. पहिल्यांदा वाटायचं, शिष्ट आहे. आता वाटतं, एवढ्या माणसांत एक तरी न हसणारा आहे, बरं आहे.”

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

“मिरजेला दाखवलं,” ते सावकाश म्हणाले. एकेक शब्द चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखा. “डोक्यात शब्दांची जी जागा असते ना, ती वाळत चाललीय. औषध नाही. अर्थ समोर उभा असतो, बिरू. स्पष्ट दिसतो. त्याचं नाव घ्यायला जातो आणि तोंडातून शेजाऱ्याचं नाव येतं. आधी परक्या भाषांतले गेले. ते शेवटी आले होते, म्हणून पहिले गेले असतील. आता मराठीतलेही जायला लागलेत.”

“मग सांगा की सगळ्यांना.”

“सांगितलं. हर्डीकराला सांगितलं. तो म्हणाला, सर, हे पण सदरात घ्या.” सर कसंनुसं हसले. “त्याचा दोष नाही. मीच शिकवलंय त्यांना, शब्द चुकला की हसायचं.”

“मग माझ्याकडे काय काम काढलंत?”

“पुढच्या महिन्यात माझा सत्कार ठेवलाय त्यांनी. सभागृह भरेल. मला तिथं स्वतःच्या तोंडानं सांगायचंय की मी आजारी आहे आणि थांबतोय. मला माहीत असताना थांबायचंय. लोक हसतायत आणि मला कळत नाही ते का हसतायत, असा दिवस यायच्या आत. एवढंच बोलायचंय, पण न चुकता. तू माझ्याकडून पाठ करून घे.”

“मी?” माझा आवाज चढला. “वर्षभर मला कोल्होबा म्हणलात. प्रेसमधलं पोरगंसोरगं मला कोल्होबा म्हणतंय तुमच्यामुळं. आणि आता मीच होय?”

“हो.”

“बाकी काही बोलायचं नाही तुम्हाला त्यावर?”

सरांनी टोपण पेनाला लावलं. “माफी मागितली असती. पण तिला शब्द लागतात, आणि उरलेत तेवढे मी त्या दिवसासाठी राखून ठेवलेत.”

या म्हाताऱ्याचा मला इतका संताप आला होता की पेन फेकून मारावं. तरी तिसऱ्या प्रहरी मी त्यांच्या घरी गेलो.

हरिपूर रोडला चिंचांच्या सावलीत आम्ही रोज फिरायचो. ते बोलायचे, मी ऐकायचो. सुरुवातीला त्यांनी मोठं भाषण रचलं होतं. दर दोन वाक्यांनी अडकायचे. थांबून हाताची मूठ उघडायचे, मिटायचे, जणू शब्द तिथं सापडेल.

“‘कृतज्ञता’ काढा,” मी म्हणायचो. “ती तुम्हाला दगा देणार.”

“मग काय घालू?”

“‘आभार’ घाला.”

“आ... आभाळ. आ...” ते थांबले. “नाही येत.”

“मग ‘बरं वाटलं’ म्हणा. माणसाला बरं वाटलं तर बरं वाटलं म्हणावं.”

“हे तर तू बोलतोस तसं झालं.”

“मग काय वाईट झालं?”

असं एकेक काढत गेलो. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, मागून चालत यायच्या. कधी बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, “बिरू, एवढं एक त्यांच्या मनासारखं होऊ दे बाबा. नंतर मी सांभाळते.” शेवटी चार-सहा वाक्यं उरली. ती सरांना झोपेतून उठवलं तरी येत होती.

सत्कार एका शाळेच्या सभागृहात होता, रविवारी सकाळी. आम्ही पोचलो तेव्हा लोक खिडक्यांत बसलेले होते. आणि व्यासपीठावर पाळणा होता. आमचा तारेचा ट्रे नव्हे. खरा, लाकडी, पितळी साखळ्यांचा, झेंडूनं मढवलेला. हर्डीकरांनी कुठून तरी भाड्यानं आणला होता. रेखा नऊवारी नेसून दोरी धरून उभी होती.

“हे काय?” मी हर्डीकरांना धरलं. “सरांना बोलायचंय. मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“बोलू दे की. आधी ते बोलतील, मग चिठ्ठ्यांचा खेळ. आत परक्या भाषांतले निवडक शब्द ठेवलेत, सर एकेक काढून वाचतील. लोक वेडे होतील बघ.”

“ते वाचू शकणार नाहीत.”

“तीच तर गंमत!” म्हणून हर्डीकर माईककडे गेले.

सर उभे राहिले. टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मी पहिल्या रांगेत काकूंच्या शेजारी होतो. माझे ओठ आपोआप हलत होते.

“मी आजारी आहे,” सर म्हणाले.

सभागृह हसलं.

सर थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली : पुढं.

“माझे शब्द चुकतात ते मुद्दाम नाही. मला ते आठवत नाहीत.”

आणखी मोठा हशा. मागून कुणी तरी ओरडलं, “परसाकडे!” आणि सगळी मागची बाजू त्यावर फुटली.

“आजपासून मी लिहिणं थांबवतो.” सरांचा आवाज चढला. “तुम्ही वाचलंत, बरं वाटलं.” त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. “मी विनोद करत नाही. आता हसू नका.”

मी आजवर पुष्कळ सभा बघितल्या. तसा हशा नाही ऐकला. माणसं खुर्चीवरून घसरत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. अख्ख्या भाषणात सरांचा एक शब्द चुकला नव्हता. एकही नाही.

मी वर गेलो. कसा गेलो माहीत नाही. माईक हिसकावून घेतला आणि ओरडलो, “गप्प बसा! माणूस खरोखर आजारी आहे! कान आहेत का भोकं?”

क्षणभर शांतता झाली. मग आमच्या प्रेसमधलंच कुणी तरी खालून ओरडलं, “अरे, कोल्हा आला! कोल्हा पास!”

झालं. लोकांना वाटलं, ही आमची जोडी आहे. गुरू-शिष्य. आधी एक, मग दुसरा, सगळं बसवलेलं. मी शिव्या दिल्या, त्यावर टाळ्या पडल्या. हर्डीकर बाजूला उभे राहून डोळे पुसत होते. त्यांनी रेखाला खूण केली आणि तिनं पाळणा म्हणायला सुरुवात केली. दोरी ओढली. फुलांचा पाळणा झुलायला लागला.

सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा हात माझ्या हातात कधी आला कळलं नाही.

तेवढ्यात काकू उठल्या. पदर खोचून पायऱ्या चढल्या. माईककडे गेल्या नाहीत, आमच्याकडेही आल्या नाहीत. सरळ पाळण्यापाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी त्याची कड धरून तो थांबवला.

“रिकामा पाळणा हलवू नये, रेखा,” त्या म्हणाल्या.

साध्या आवाजात म्हणाल्या, बायका घरात म्हणतात तशा. रेखाच्या हातून दोरी सुटली. ती काकूंकडे बघत राहिली, मग सरांकडे, आणि तिचं तोंड बदललं. पहिल्या रांगेतल्या बायका गप्प झाल्या. त्यांच्या मागच्या गप्प झाल्या. कुणी पदर तोंडाला लावला. निम्मं सभागृह असं पुढून मागं विझत गेलं. पण फक्त निम्मंच. मागच्यांना काकू ऐकू आल्या नव्हत्या, त्यांच्यापर्यंत लाऊडस्पीकरवरचंच पोचत होतं. ते हसतच राहिले. आम्ही सरांना धरून बाजूच्या दारानं बाहेर काढलं तेव्हासुद्धा आत हसू चालू होतं, आणि हर्डीकर माईकवरून विचारत होते, “सर? सर कुठं गेले?”

बाहेर ऊन होतं. मी रिक्षा थांबवली. रिक्षावाला आतलं सगळं रस्त्यावरच्या कर्ण्यावर ऐकत बसलेला होता.

“बसा सर, बसा,” तो उतरून म्हणाला. “लई हसवलं राव आज! सदर बंद करायचं काय मनावर घेऊ नका हां.”

सर मधे, इकडून काकू, तिकडून मी. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. “कुठं जायचं, सर?”

सरांनी तोंड उघडलं. त्यांना घर म्हणायचं होतं. घर समोर उभं होतं त्यांच्या, मला दिसत होतं तसं : चिंचेखालचं दार, ओट्यावरची आरामखुर्ची. मूठ उघडली, मिटली. आणि एक शब्द आला. दुसराच.

रिक्षावाला खदखदून हसला. हसता हसता आरशातून आमच्याकडे बघत राहिला, आम्हीही हसावं म्हणून. आम्ही हसलो नाही. मग त्याचंही हसू ओसरलं, आणि त्यानं न बोलता मीटर पाडला.

“हरिपूर रोड,” काकू म्हणाल्या.

सरांनी वाटेत माझ्याकडे वळून विचारलं, “चुकलं?”

“नाही,” मी म्हणालो.

मी सोमवारी राजीनामा दिला. हर्डीकरांनी सदर बंद केलं, आणि ‘तिरपी मात्रा’तल्या निवडक चुकांचा विशेषांक काढला. तो फार खपला म्हणतात. सर पुढं काही वर्षं होते. मी जायचो. हळूहळू बोलणं थांबलंच त्यांचं. आम्ही चिंचांखालून फिरायचो, बस्स. ते गेले तेव्हा हर्डीकरांनी स्मृतिग्रंथ काढला आणि मला निरोप पाठवला. रिक्षावाल्यानं गावभर सांगितलं होतं की टेंबे सर रिक्षातसुद्धा काय बोलले म्हणून, पण नेमका शब्द त्याच्या लक्षात राहिला नव्हता. तो तेवढा मी लिहून द्यावा. सरांचा जाहीर जीवनातला शेवटचा विनोद म्हणून ग्रंथाच्या शेवटच्या पानावर छापायचा होता.

मी त्यांना माझा शब्द लिहून पाठवला. फॉक्स पास. छापा म्हटलं हवा तर, पाळण्यात घाला.

सरांचा शब्द मला आठवतो. तो मी कुणाला सांगितलेला नाही. इथंही सांगणार नाही.